रुग्णाच्या खोलीतला एअर प्युरिफायर : सोलापूरच्या धुळीत पैसे वसूल होतात का?

घरात पार्किन्सन, पक्षाघात, एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार), एएलएस (स्नायू हलवणाऱ्या नसा निकामी होत जाणारा आजार) किंवा मायस्थेनियाचा (स्नायू लवकर थकून अशक्त होण्याचा आजार) रुग्ण आहे, छातीत वारंवार कफ होतो आणि आता एअर प्युरिफायर घ्यावा का, असा विचार चाललाय, त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू आहे. एका कंपनीच्या एका मॉडेलचा नाही. साधारण दहा ते पंधरा हजारांत मिळणारं, एच-13 दर्जाचा हेपा फिल्टर (अगदी बारीक कण अडवणारा) असलेलं आणि ताशी 300 घनमीटरच्या आसपास सीएडीआर (मशीन तासाला किती स्वच्छ हवा देतं तो आकडा) असलेलं जे मशीन असतं, त्याचा आहे. या किमतीतली बहुतेक मशीनं आतून सारखीच असतात: बाहेर जाळीचा प्री-फिल्टर, आत घड्या घातलेला हेपा, थोडा कोळसा आणि एक पंखा. खरा फरक पडतो तो मशीन कुठं ठेवलंय, कसं चालवलंय आणि फिल्टर कधी बदललाय यानं.

आमचं मत आधीच सांगतो. घ्या, पण तिसऱ्या नंबरला. पहिला पैसा गिळण्याच्या तपासणीवर आणि तोंडाच्या स्वच्छतेवर जायला हवा. दुसरा लसींवर, आणि खोकला अशक्त असेल तर कफ ओढून काढणाऱ्या सक्शन मशीनवर. हा क्रम उलटा झाला की प्युरिफायर हिरवा दिवा दाखवत राहतो आणि न्यूमोनिया व्हायचा तो होतोच.

कारण साधं आहे. निरोगी माणसाच्या श्वासनळीत धूळ गेली की आतली बारीक लव कफाला वर ढकलते आणि एका जोरदार खोकल्यात तो बाहेर पडतो. धूर आणि बारीक कण या लवेचं काम मंद करतात, जंतू गिळणाऱ्या पेशींना दमवतात आणि कफही वाढवतात. ज्याच्या खोकल्यातच दम नाही, त्याचा हा वाढलेला कफ जाणार कुठं? तो फुप्फुसाच्या तळाशी साचतो आणि तिथं जंतू पोसले जातात. खोकल्याचा जोर पीक फ्लो मीटरवर मोजता येतो. स्नायूंच्या आजारात तो मिनिटाला 270 लिटरच्या खाली आला की साध्या सर्दीतसुद्धा कफ अडकू शकतो. 160 च्या खाली गेला की रुग्ण स्वतः खोकून कफ काढू शकत नाही, असंच धरून चालायचं. फिजिओथेरपिस्टकडं हे मोजायला दोन मिनिटं लागतात. प्युरिफायरची चौकशी करण्याआधी हा आकडा हातात हवा.

न्यूमोनियाची दुसरी वाट गिळण्याची. पार्किन्सन आणि पक्षाघातात पाणी, लाळ किंवा आमटी चुकीच्या नळीत जाते, आणि पुष्कळदा ठसकाही लागत नाही. तोंडातले जंतू थेट फुप्फुसात उतरतात. इथं जगातला कुठलाही फिल्टर कामाचा नाही, कारण हे जंतू हवेतून आलेलेच नसतात. म्हणून जेवताना पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली, जेवणानंतर किमान अर्धा तास बसूनच. पडून असलेल्या रुग्णाच्या पलंगाचं डोकं 30 ते 45 अंश वर. दात आणि जीभ दिवसातून दोनदा साफ, कवळी रात्री काढून धुऊन ठेवलेली. शेंगाचटणीसारखा कोरडा, भुरभुरीत पदार्थ अशा रुग्णाला तसाच देऊ नका, दह्यात कालवून द्या. कडक भाकरी द्यायचीच असेल तर दुधात किंवा आमटीत पूर्ण मऊ होईपर्यंत कुस्करून. पातळ पाण्यालाच ठसका लागत असेल तर पाणी किती घट्ट करायचं हे स्पीच थेरपिस्ट ठरवतील, अंदाजानं करू नका.

आता सोलापूरच्या हवेबद्दल. 2019 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात महाराष्ट्रातल्या ज्या शहरांची हवा मानकात बसत नाही म्हणून यादी झाली, त्यात सोलापूर आहे. आपल्याकडं डोळ्याला दिसतो तो मोठ्या कणांचा त्रास, म्हणजे पीएम-10: उखडलेले रस्ते, बांधकाम, उन्हाळ्यातल्या वावटळी. त्यात हिवाळ्यात सकाळी खाली बसणारा धूर, कचऱ्याला लावलेली आग, जिल्ह्यात ऊसतोडणीनंतर जाळलेलं पाचट आणि संक्रांतीच्या गड्ड्यातलं (सिद्धेश्वर यात्रेतलं) शोभेचं दारूकाम मिसळलं की बारीक कण, म्हणजे पीएम-2.5 वाढतात. खोलवर जातात ते हेच. देशाच्या मानकानुसार पीएम-2.5 ची 24 तासांची मर्यादा घनमीटरमागे 60 मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या मार्गदर्शनात ती 15 आहे. त्यामुळं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या समीर ॲपवर सोलापूरचा आकडा ‘समाधानकारक’ दिसला तरी अशक्त खोकल्याच्या माणसासाठी तो समाधानकारक असेलच असं नाही.

शहराच्या पूर्व भागात, जिथं घरात किंवा शेजारी यंत्रमाग आहेत, तिथली गोष्ट आणखी वेगळी. तिथं प्री-फिल्टरवर धूळ नाही, तर सुताच्या तुसाचा पापुद्रा बसतो. आठवड्याभरात जाळीवर करड्या-पांढऱ्या रंगाची नमद्यासारखी थापी तयार होते, नखानं सोलली तर अख्खी निघते. तशीच राहू दिली तर पंखा फिरतो, आवाज वाढतो, पण हवा निम्मीसुद्धा जात नाही. घरात विड्या वळल्या जात असतील तर तंबाखूची भुकटी हेपापर्यंत पोचते आणि मशीनमधून कडवट वास यायला लागतो. अशा घरात विड्यांचं सूप रुग्णाच्या खोलीबाहेर नेणं हा प्युरिफायरपेक्षा मोठा उपाय आहे, आणि फुकटचा आहे.

किती क्षमतेचं घ्यायचं याचा हिशोब दुकानदारावर सोडू नका. खोली 10 बाय 12 फूट आणि उंची 10 फूट असेल तर 1200 घनफूट, म्हणजे साधारण 34 घनमीटर. सगळी हवा तासाला पाच वेळा गाळली जावी असं धरलं तर ताशी 170 घनमीटर लागतात. मग 300 चं का सांगतोय? कारण खोक्यावरचा आकडा पूर्ण वेगाचा असतो आणि पूर्ण वेगात रात्रभर कुणी मशीन चालवत नाही, आवाजच तेवढा असतो. मधल्या वेगावर 300 चं मशीन साधारण 150 ते 180 देतं, तेवढं या खोलीला पुरतं. झोपेच्या, म्हणजे स्लीप मोडवर ते 80 च्या आसपास येतं. हिशोब करा: पूर्ण वेगावर खोलीतला नव्वद टक्के धूर जायला साधारण सोळा-सतरा मिनिटं लागावीत, स्लीप मोडवर तासभर. खोली बंद आहे आणि धूर नव्यानं येत नाही असं धरून हा हिशोब आहे. ‘500 चौरस फुटांना पुरतं’ असं जे लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा तासाला दोनेक वेळाच हवा गाळण्याच्या हिशोबानं असतं. तिकडं बघू नका, सीएडीआर विचारा.

खोली बंद ही अट महत्त्वाची, आणि सोलापुरात घोडं इथंच अडतं. मार्च ते जून कूलरशिवाय भागत नाही. कूलर खिडकीतून बाहेरची हवा आत ओढतो, आणि ती बाहेर जायला दुसरी खिडकी उघडी लागते. म्हणजे मिनिटामिनिटाला नवी धूळ आत. शेजारी ठेवलेला प्युरिफायर तेव्हा नुसतं वीजबिल वाढवतो. दोन्ही एकदम चालवू नका. एसी असेल तर प्रश्न नाही, स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो आणि प्युरिफायरशी त्याचं चांगलं जमतं. एसी नसेल तर काय? एमएसच्या रुग्णाला अंगातली उष्णता वाढली की जुनी लक्षणं उसळतात: पाय जड होतात, दिसायला अंधुक होतं. अशा माणसाला 42 अंशांत खोली बंद करून प्युरिफायरसमोर बसवणं चूक आहे. मे महिन्यात त्याच्यासाठी कूलरच आधी, प्युरिफायर बंद करून कापड घालून ठेवा. फक्त कूलरची टाकी दर दोन-तीन दिवसांनी पूर्ण रिकामी करून घासा आणि वाळ्याचे किंवा गवताचे पडदे हंगामाच्या सुरुवातीला बदला. नळाला पाणी काही दिवसांआड येतं म्हणून तेच पाणी आठवडाभर ठेवायचा मोह होतो. त्या बुळबुळीत पाण्याचा वास थेट अशक्त फुप्फुसावर येतो.

माळवदाच्या किंवा पत्र्याच्या घरात, जिथं भिंत आणि छत यांच्यात बोटभर फट आहे, तिथंही हीच अडचण. दहा हजार घालण्याआधी फटी बुजवा, दाराखाली रबरी पट्टी लावा, जमीन झाडण्याऐवजी ओल्या फडक्यानं पुसा. एवढं करूनही सकाळी गादीवर माती दिसत असेल तर प्युरिफायरचा उपयोग फार होणार नाही, हे आम्ही स्पष्ट सांगू.

जागा निवडताना रुग्णाचा आजार बघावा लागतो, आणि हे कुठल्याच माहितीपुस्तिकेत नसतं. पार्किन्सनमध्ये चालताना पाय जमिनीला चिकटतात, विशेषतः दारात आणि अरुंद जागेत. मशीन दार ते पलंग ते संडास या वाटेवर ठेवलं तर ते नेमकं अशी अरुंद जागा तयार करतं. वायर वाटेतून गेली तर पडणं ठरलेलंच, म्हणून वायर भिंतीकडेनं क्लिपनं बसवा. आवाज हा दुसरा मुद्दा: या रुग्णांचा आवाज मुळात बारीक होतो. डोक्याशी मशीन मोठ्या वेगात घोंगावत असेल तर रात्री मारलेली हाक शेजारच्या गादीवरही ऐकू जात नाही. उशाशी वायरलेस बेलचं बटण द्या. तिसरा मुद्दा वाऱ्याचा झोत. पापण्या कमी लवतात, तोंड उघडं राहतं, मग झोत तोंडावर आला की डोळे आणि कफ दोन्ही सुकतात. पलंगापासून चार-पाच फुटांवर, भिंतीपासून वीतभर लांब, आणि झोत वर किंवा आडवा, अशी जागा बरी. डिस्प्लेचा दिवा रात्री बंद करा. ज्यांना भास होतात त्यांना अंधारातला लाल ठिपका भिववतो.

रात्री बायपॅप (मास्कमधून दाबानं हवा देणारं श्वासाचं मशीन) लावणाऱ्या एएलएसच्या रुग्णाला मात्र या मशीनचा सगळ्यात सरळ फायदा मिळतो, कारण बायपॅप खोलीतलीच हवा ओढून फुप्फुसात ढकलतो. प्युरिफायर मधल्या वेगावर आणि बायपॅपच्या बाजूलाच ठेवा. बायपॅपचा स्वतःचा फिल्टर विसरू नका: करड्या स्पंजचा आठवड्याला धुऊन पूर्ण वाळवायचा, पांढरा कागदी महिन्याला बदलायचा, धुवायचा नाही. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरच्या मागची जाळीही आठवड्याला धुवा. आणि एक गोष्ट इथंच सांगितली पाहिजे. श्वासाचे स्नायू अशक्त असलेल्या रुग्णाचं बोटावरच्या मशीनवर ऑक्सिजन 96 दिसतं म्हणून निर्धास्त राहू नका. आत कार्बन डायऑक्साइड साचत असू शकतो: सकाळी डोकं दुखणं, दिवसा गुंगी, सपाट झोपता न येणं ही त्याची खूण. अशा वेळी घरचा ऑक्सिजन मनानं वाढवला तर आकडा छान दिसतो आणि आजार झाकला जातो.

प्युरिफायर ऑक्सिजन तयार करत नाही, हेही लोकांना सांगावं लागतं. चार माणसं बसलेली बंद खोली कोंदट होणारच. हिवाळ्यात दुपारी एक ते चारच्या दरम्यान, धुकट वर उठल्यावर, दहा-पंधरा मिनिटं खिडक्या उघडा. उन्हाळ्यात पहाटे. पावसाळ्यात बाहेरची हवा धुतलेली असते, तेव्हा मशीन बंद ठेवून खिडक्या उघड्या ठेवलेल्याच चांगल्या. फक्त भिंतीला ओल आणि बुरशी धरली असेल तर पलंग तिथून हलवा.

मशीनवरचा आकडा आणि रंग याबद्दल गैरसमज फार. आतला सेन्सर प्रकाशाच्या किरणातून जाणारे कण मोजतो, ते कण कशाचे आहेत हे त्याला कळत नाही. नेब्युलायझर लावला की दिवा लाल होऊन पंखा गर्जायला लागतो, कारण त्याला औषधाचा फवाराही धूरच वाटतो. तेवढी दहा मिनिटं ऑटो मोड काढून हातानं कमी वेगावर ठेवा. कफ पातळ राहावा म्हणून अल्ट्रासोनिक ह्युमिडिफायर वापरत असाल तर बोअरच्या जड पाण्यातले क्षार पांढऱ्या भुकटीसारखे हवेत उडतात, फर्निचरवर बसतात आणि फिल्टरही भरतात. त्यात आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणीच घाला. दुसऱ्या बाजूनं, सेन्सरच्या भोकात तूस अडकलं तर आकडा कायम चांगला किंवा कायम वाईट दिसतो. महिन्यातून एकदा कोरड्या कापसाच्या काडीनं ते भोक हलक्या हातानं पुसा.

आकडा सगळ्यात जास्त कशानं चढतो? बाहेरच्या रस्त्यानं नाही, घरातल्या धुरानं. उदबत्ती, धूप, कापूर, मिरचीची फोडणी, आणि मच्छर कॉईल. एका प्रसिद्ध अभ्यासात एक कॉईल जळताना जेवढे बारीक कण सुटले ते 75 ते 137 सिगारेटींएवढे निघाले होते. कॉईल आणि प्युरिफायर एकाच खोलीत रात्रभर चालू, हे चित्र घरोघरी दिसतं. मच्छरदाणी लावा. देवघर त्याच खोलीत असेल तर तुपाचं निरांजन ठेवा आणि उदबत्ती तुळशीपाशी लावा. देवपूजेला कुणी नको म्हणत नाही, धूर तेवढा बाहेर.

साफसफाईचं वेळापत्रक कंपनीचं नव्हे, सोलापूरचं धरा. प्री-फिल्टर आठवड्याला काढायचा, आणि रुग्णाच्या खोलीबाहेर, तोंडाला मास्क लावून कोरड्या मऊ ब्रशनं झाडायचा. पंधरवड्याला साध्या पाण्यात बुडवून धुवायचा, साबणाचा वास राहू द्यायचा नाही. मग सावलीत चोवीस तास वाळवायचा. ओलसर बसवला तर मागच्या हेपाला बुरशी धरते. मॉडेल घेतानाच एक जादा प्री-फिल्टर मिळतो का ते बघा, म्हणजे वाळेपर्यंत मशीन बंद राहत नाही. हेपा मात्र धुवायचा नाही, आपटायचा नाही, कॉम्प्रेसरनं फुंकायचाही नाही. तो वरून स्वच्छ दिसतो आणि आतून फाटतो. कंपनी 3000 तास म्हणते तेव्हा चोवीस तास चालवणाऱ्या घरात ते जेमतेम चार महिने होतात. फिल्टरचे दोन-तीन हजार धरले तर दरवर्षी सहा ते नऊ हजार फिल्टरवर, म्हणजे जवळपास दुसरं मशीन. हा खर्च झेपणार नसेल तर मशीन रात्रीच्या दहा तासांपुरतं आणि धुराच्या दिवसांत चालवा, फिल्टर दहा महिने जाईल. भरलेला फिल्टर बसवून दिवसभर मशीन चालू ठेवण्यापेक्षा हे बरं. विजेचं ओझं फार नाही: मधल्या वेगावर वीसेक वॅट, म्हणजे दिवसाला अर्धा युनिट. लाइट गेली तर घरच्या इन्व्हर्टरवर आरामात चालतो, पण इन्व्हर्टरवर पहिला हक्क बायपॅपचा आणि सक्शनचा.

आयोनायझर, प्लाझ्मा, ओझोन असलं बटण असेल तर ते कायमचं बंद. ओझोन श्वासनळीला टोचतो, आणि इथं तर नळी आधीच हळवी. सुगंधाची वडी ठेवायचा कप्पा, मोबाइल ॲप, निळा यूव्ही दिवा यांच्यासाठी एक रुपया जास्त देऊ नका. कोळशाचा थर बहुतेक मशीनांत इतका पातळ असतो की वास थोडा कमी होईल, त्यापुढं अपेक्षा नको.

घरात कुणाला सर्दी झाली तर मशीन पूर्ण वेगावर ठेवा, पण भरवसा मास्कवर ठेवा. सर्दीवाल्यानं स्वतः मास्क लावायचा आणि रुग्णाला भरवायचं काम दुसऱ्यानं करायचं. हेपा हवेत तरंगणारे बारीक थेंब पकडतो, हातभर अंतरावरून आलेली शिंक पकडत नाही. रुग्णाला रिक्षातून फिजिओथेरपीला नेताना एन-95 चालतो, मात्र ज्याला लाळ गळते त्याचा मास्क ओला होतो आणि ओल्या मास्कमधून श्वास ओढणं कष्टाचं होतं. दोन-तीन मास्क जवळ ठेवून बदला. एएलएस किंवा मायस्थेनियात श्वास आधीच तोकडा असेल तर न विचारता एन-95 लावू नका. फ्लूची लस दरवर्षी, आणि न्यूमोकोकलची (न्यूमोनियाच्या एका प्रमुख जंतूविरुद्धची) लस डॉक्टरांशी बोलून ठरवा. एमएससाठी रिटुक्सिमॅबसारखं औषध चालू असेल तर लस कधी घ्यायची याला महत्त्व आहे, ते न्यूरोलॉजिस्टला विचारूनच.

मशीन चालू आहे म्हणून उशीर करू नये अशी लक्षणं: जेवताना नव्यानं ठसका, आवाज पाण्यात बोलल्यासारखा गुरगुरणारा, कफाचा रंग बदलणं, मिनिटाला 24 पेक्षा जास्त श्वास, ऑक्सिजन नेहमीपेक्षा तीन-चारनं खाली. वयस्कर माणसाला ताप येईलच असं नाही. एकदम गुंगणं किंवा असंबद्ध बोलणं हीच कधीकधी न्यूमोनियाची पहिली खूण असते. दवाखान्यात गेल्यावर मायस्थेनिया असेल तर ते पहिल्याच वाक्यात सांगा, कारण नेहमीच्या काही अँटिबायोटिकांनी स्नायूंची अशक्तता वाढते. झोप आणणारं खोकल्याचं औषध मेडिकलमधून मनानं आणू नका.

घेताना: पक्कं बिल, फिल्टर सोलापुरात किती दिवसांत मिळतो याचं उत्तर, आणि तो फिल्टर आणखी तीन वर्षं तरी मिळणार का याची चौकशी. स्वस्तातला ‘चालेल असा’ फिल्टर घेतलात तर कडेचा रबर बघा. तो सैल बसला तर हवा फिल्टरमधून न जाता बाजूनं निसटते आणि मशीन फक्त पंखा उरतं. घरी आणल्यावर मागचं झाकण उघडून हेपा बाहेर काढा. नवा फिल्टर प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद असतो आणि तसाच आत बसवलेला येतो. ती पिशवी न काढता महिनोन् महिने मशीन चालवणारी घरं कमी नाहीत. पिशवी काढा, मार्करनं फिल्टरच्या कडेवर तारीख लिहा, मग झाकण लावा.